‘नुसतं व्हिक्टोरियन’ चर्च: खेड्यातल्या चर्चमधले बाक काढण्याआधी काय बघावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात राहता. गावच्या चर्चबाहेरच्या पाटीवर ‘बाराव्या शतकातलं चर्च’ असं लिहिलंय आणि सरकारी वारसा यादीत त्याच इमारतीपुढे ‘१८६०च्या दशकात बरीचशी नव्याने बांधलेली’ अशी नोंद आहे. आता चर्चच्या कमिटीला बाक काढून, फरशी उखडून, खालून हीटिंग घालून मोकळी जागा करायची आहे. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “हे नुसतं व्हिक्टोरियन आहे, खरं जुनं नाहीच.” तुम्ही विचारताय की खरं कुठलं आणि नक्कल कुठली हे कसं ओळखायचं, आणि आपण हिंदू असताना यात बोलावं का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. जरूर बोला. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांप्रमाणे त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या क्षेत्राच्या, हद्दीत राहणाऱ्या कोणालाही अशा कामावर लेखी म्हणणं मांडता येतं. तुमचा धर्म कुठला, तुम्ही प्रार्थनेला जाता की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही.

पहिला भाग वेळ घेणारा आहे. बैठकीतल्या त्या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: मोल फक्त मध्ययुगीन दगडाला असतं, आणि एकोणिसाव्या शतकात जे झालं ती जुन्याची नक्कल होती. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे. इथे १९५५च्या कायद्यापासून प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी करावी लागते, त्यामुळे अशा इमारतींत माझं शिडी लावून वर चढणं आणि तळघरात वाकून शिरणं चालूच असतं. या अनुभवावरून सांगते, वरची दोन्ही गृहीतकं मला पटत नाहीत.

मात्र तुमचं चर्च न बघता काही ठाम सांगता येणार नाही, हे मान्य करायला हवं. कारण ‘व्हिक्टोरियन चर्च’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. काही चर्चेस कोऱ्या जागेवर उभी राहिली. तुमच्याच यॉर्कशायरमधलं बाल्डर्सबी सेंट जेम्स हे त्यातलं. विल्यम बटरफील्डने १८५०च्या दशकात व्हायकाउंट डाऊनसाठी तिथे चर्च, शाळा, पाद्रींचं घर आणि शेतमजुरांची घरं एकाच हाताने आखली. काही ठिकाणी जुनं चर्च पाडून नवं बांधलं. साउथ डाल्टनला जॉन लफबरो पिअर्सनने १८५८ ते १८६१ मध्ये लॉर्ड हॉथम यांच्या पैशातून बांधलेलं चर्च बघा. त्याचं निमुळतं शिखर २०० फुटांहून उंच आहे आणि मैलोन् मैल दिसतं. पण आत १६८९ साली वारलेल्या सर जॉन हॉथम यांचं स्मारक आहे. नव्या चर्चमध्ये इतकं जुनं स्मारक दिसलं की इथे आधी दुसरं चर्च होतं, हे समजावं. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि तुमचं चर्च बहुधा त्यातलंच असावं: जुन्या चर्चचा जीर्णोद्धार. कुठे मनोरा जुना आणि बाकी नवं, कुठे भिंती जुन्या आणि खिडक्या नव्या, कुठे एक दार तेवढं बाराव्या शतकातलं. म्हणजे तुमच्याकडची पाटीही खरी असू शकते आणि यादीतली नोंदही.

हे थर ओळखायला मी बाहेरूनच सुरुवात करते, आणि तीही मनोऱ्यापासून. मनोरा पाडून बांधणं महाग, म्हणून पुष्कळदा तो जुनाच राहतो. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, म्हणजे जिथे मुख्य दालनाचं छप्पर टेकतं तिथे, दोन तिरक्या दगडी कडा दिसतात का बघा. ती पूर्वीच्या छपराची खूण असते. ही कड आताच्या छपराच्या वर, उघड्यावर असेल तर छप्पर मधल्या काळात खाली आणलंय. पंधराव्या शतकात शिशाचे पत्रे घालून जवळजवळ सपाट छपरं करायची पद्धत होती, त्यात हे व्हायचं. याउलट ती कड आतून, दालनात उभं राहून वर बघताना दिसत असेल, तर छप्पर नंतर उंच केलंय. व्हिक्टोरियन आर्किटेक्टना उभ्या उताराची छपरं फार प्रिय होती, आणि एवढ्या एका गोष्टीने चर्चचा चेहरामोहरा बदलून जातो.

मग दगड. हात लावायला मिळत असेल तर लावाच. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जातं त्या वेळी गेलात तर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. बाराव्या शतकातल्या पाथरवटाने कुऱ्हाडीसारख्या हत्याराने दगड तासलेला असतो. घाव तिरपे, थोडे कमीजास्त खोल, आणि हात थकला तिथे दिशा बदललेली. व्हिक्टोरियन गवंड्याने त्याच शैलीत दगड घडवला तरी घाव एकसारखे, समांतर, मोजून मारल्यासारखे पडतात. धारा तीक्ष्ण असतात, दोन दगडांमधल्या दरजा बारीक असतात. एकाच कमानीत दोन्ही प्रकारचे दगड शेजारी शेजारी सापडतात, आणि जीर्णोद्धार करणाऱ्याने किती दगड बदलले ते मग एकेक करून मोजता येतं. ही सवय लागली की गाइडबुकाची गरज उरत नाही.

दगड आला कुठून हेही बघा. मध्ययुगात दगड जवळच्या खाणीतून यायचा किंवा नदीमार्गे बोटीने. रेल्वे आल्यावर शेकडो मैलांवरचा दगड खेड्यात पोहोचू लागला. भिंत स्थानिक दगडाची, पण खिडक्यांच्या चौकटी, कोपरे आणि कमानी भलत्याच रंगाच्या घडीव दगडाच्या, आणि छपरावर वेल्सची निळसर पाटीची कौलं असतील, तर हा माल मालगाडीने आलाय असं समजायला हरकत नाही.

खिडक्यांबाबत मात्र सावध राहा, कारण फसगत तिथेच होते. थॉमस रिकमनने १८१७ साली इंग्लिश मध्ययुगीन वास्तुकलेचे टप्पे ठरवून त्यांना नावं दिली: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर. ती नावं आजही चालतात. मग १८४०च्या दशकात मत असं बनलं की या सगळ्यांत डेकोरेटेड, म्हणजे साधारण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्याच्या मध्यापर्यंतची शैली, सर्वांत परिपूर्ण. त्यामुळे कित्येक खेड्यांत पंधराव्या शतकातल्या खऱ्या खिडक्या काढून त्या जागी चौदाव्या शतकाच्या शैलीतल्या नव्या बसवल्या गेल्या. शैलीवरून वय ठरवलंत तर नवी खिडकी जुनी ठरेल आणि जुनी नवी. वय दगडावरून ठरवा. शैलीवरून बांधणाऱ्याची आवड कळते, तेवढीच.

ही आवड आली कुठून हे समजल्याशिवाय तुमच्या बाकांचा प्रश्न सुटणार नाही, म्हणून थोडं मागे जाते.

१८३०च्या आधी खेड्यातलं चर्च आतून कसं दिसायचं ते बघायचं असेल तर व्हिटबीला १९९ पायऱ्या चढून सेंट मेरीजमध्ये जा. बंद दरवाजांचे खोक्यासारखे बाक, चारी बाजूंना सज्जे, आणि मध्यभागी तीन मजली पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा मंच. सगळ्यांची तोंडं त्या पुलपिटाकडे, कारण उपासनेचा केंद्रबिंदू प्रवचन हाच होता. खेड्यांतल्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या सज्जात गावातलीच मंडळी फिडल आणि बासून ही वाद्यं वाजवायची. बाक घराण्यांच्या मालकीचे किंवा भाड्याचे, गरिबांना कोपऱ्यातली बाकडी. वेदीचा भाग, म्हणजे चॅन्सल, वर्षातले बरेच दिवस जवळजवळ वापराविना पडून असायचा.

हे चित्र एका पिढीत पालटलं. ऑक्सफर्डमध्ये १८३३ पासून काही पाद्री चर्चला त्याच्या प्राचीन संस्कारांकडे परत नेण्याचा आग्रह धरत होते. ऑगस्टस पुजिन या आर्किटेक्टने १८४१ साली मांडलं की इमारतीत सोय, बांधणी किंवा औचित्य यांसाठी लागत नाही असं काहीही नसावं, आणि अलंकार असला तर तो बांधणीलाच खुलवणारा असावा. पुजिन कॅथलिक झालेला, पण त्याचं ऐकलं अँग्लिकनांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांनी. आणि केंब्रिजमध्ये १८३९ साली जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन कॅम्डेन सोसायटी काढली. त्यांनी चर्च कसं असावं याचे बारीकसारीक नियम छापले, नव्या चर्चची परीक्षणं छापली, आणि आर्किटेक्टना जाहीरपणे झोडपलं. चॅन्सल हवंच, ते लांब हवं, मुख्य दालनापेक्षा उंचावर हवं. खोक्यांचे बाक नकोत, सज्जे नकोत. बाप्तिस्म्याचं कुंड दाराजवळ हवं, कारण माणसाचा चर्चमधला प्रवेश तिथून होतो. बाहेरून प्रत्येक भाग वेगळा ओळखू यावा: दालनाचं आढं उंच, चॅन्सलचं खाली, दक्षिणेला पोर्च, उत्तरेला छोट्या घरासारखी व्हेस्ट्री, म्हणजे पाद्रींची तयारीची खोली. विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मंडळाचं म्हणणं पंचवीस-तीस वर्षांत देशभरातल्या खेड्यापाड्यांत दगडात उतरलं, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

आता बैठकीतल्या ‘नक्कल’ या आरोपाकडे या. तुमच्या चॅन्सलमध्ये समोरासमोर तोंड केलेले गायकांचे बाक असतील. मध्ययुगात ही रचना कॅथीड्रलमध्ये आणि मठांत होती. खेड्यातल्या चर्चमध्ये पांढरे झगे घातलेल्या गावकऱ्यांचा गायनवृंद तिथे बसवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातली. चॅन्सलच्या उत्तरेला काढलेली ऑर्गनची खोली, तीही तेव्हाचीच. पूर्वेकडे तोंड करून बसायचे उघडे बाक मध्ययुगाच्या अखेरीस काही ठिकाणी होते, पण जमिनीखालचा कोळशाचा बॉयलर आणि फरशीतल्या ओतीव लोखंडी जाळ्यांतून येणारी गरम हवा, यातलं काहीच मध्ययुगात नव्हतं. भाषा जुनी घेतली, पण सांगायचं होतं ते नवं होतं.

उघड्या बाकांमागे तर सामाजिक भूमिका होती. १८१८ साली स्थापन झालेली इनकॉर्पोरेटेड चर्च बिल्डिंग सोसायटी चर्च बांधायला, वाढवायला अनुदान द्यायची आणि त्याबदल्यात ठरावीक जागा सर्वांसाठी मोफत ठेवायची अट घालायची. पोर्चमध्ये किंवा मनोऱ्याखाली एखादी काळपटलेली पाटी शोधा. अनुदानाचे पौंड किती, जागा किती, त्यातल्या मोफत किती, हे त्यावर रंगवलेलं असतं. ३० मार्च १८५१ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये प्रार्थनेला जाणाऱ्यांची मोजणी झाली. प्रार्थनेला आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक अँग्लिकन चर्चबाहेरच्या चॅपेल्समध्ये गेले होते असं त्यात दिसलं. मजुरांना परत आणायचं तर त्यांना बसायला मानाची जागा द्यायला हवी, ही जाणीव त्या साध्या बाकांत आहे. म्हणून ‘नुसते बाक’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

फरशीही वाकून, जवळून बघा. लालसर जमिनीवर पिवळट नक्षी असेल तर ती रंगवलेली नाही. ओल्या लाल मातीत साच्याने खोबण पाडायची, त्यात पांढऱ्या मातीचा पातळ गारा ओतायचा, सुकल्यावर वरचा थर खरवडून नक्षी मोकळी करायची आणि मग भाजायचं. नक्षी काही मिलिमीटर खोल असल्यामुळे दीडशे वर्षं पाय घासूनही ती टिकते. मध्ययुगातल्या भिक्षूंना ही युक्ती माहीत होती, पुढे ती लोपली. स्टोकच्या हर्बर्ट मिंटनने सॅम्युएल राइटच्या १८३०च्या पेटंटचा आधार घेऊन अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ती पुन्हा साधली, आणि बऱ्याच चर्चना फरशा देणगी म्हणूनही दिल्या. पुढे हेरफर्डजवळच्या गॉडविननेही उत्तम फरशा केल्या. आणखी एक बघण्यासारखं: दालनात नक्षी साधी असते, पायऱ्या चढत वेदीकडे जावं तशी ती दाट, रंगीत होत जाते. आर्किटेक्टने तुमच्या पावलांना वाट दाखवली आहे. मधला पट्टा उखडला की ती चढण तुटते.

रंगीत काचांत खिडकीचे खालचे कोपरे तपासा. तिथे सोनेरी गव्हाची पेंढी दिसली तर ते चार्ल्स केंपचं काम. गडद, दाणेदार काच आणि स्वच्छ रेषा असतील तर ती १८५०नंतरची असण्याचा संभव जास्त, कारण चार्ल्स विन्स्टन या वकिलाने जुन्या काचेचा अभ्यास करून घेतल्यावर लंडनच्या पॉवेल कारखान्यात तशी काच पुन्हा बनू लागली. अस्सल मध्ययुगीन तुकडे उरले असतील तर ते बहुधा एकाच खिडकीत गोळा करून बसवलेले सापडतात. छपराच्या लाकडावर अर्धवर्तुळाकार ओरखडे दिसले तर ते चक्री करवतीचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले किंवा नंतरचे. हाताने कापलेल्या तुळईवर सरळ आणि वेडेवाकडे ओरखडे असतात.

हे सगळं एकत्र किती उंची गाठू शकतं ते पाहायचं असेल तर तुमच्यापासून लांब नसलेली दोन ठिकाणं सुचवते. पहिलं, गार्टन-ऑन-द-वोल्ड्स. तिथलं बाराव्या शतकातलं चर्च पिअर्सनने १८५०च्या दशकात सर टॅटन साइक्स यांच्यासाठी दुरुस्त केलं. मग त्यांच्या मुलाने जॉर्ज एडमंड स्ट्रीट या आर्किटेक्टला आणलं, आणि क्लेटन अँड बेलच्या चित्रकारांनी आतल्या भिंती बायबलमधल्या कथांनी भरून टाकल्या. बाहेरून ते साधं नॉर्मन चर्च वाटतं. दार उघडून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग एकही भिंत मोकळी नाही हे लक्षात येतं. ‘खरं जुनं’ परत मिळवायला कोणी ती चित्रं खरवडायचं म्हणालं तर तुमच्या कमिटीतलेसुद्धा हात धरतील.

दुसरं म्हणजे रिपनजवळची जुळी चर्चेस: स्केल्टन-ऑन-यूर आणि स्टडली रॉयल. फ्रेडरिक व्हाइनर हा तरुण १८७० साली ग्रीसमध्ये दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. त्याच्या आईने स्केल्टनला आणि बहिणीने स्टडली रॉयलला विल्यम बर्जेसकडून त्याच्या आठवणीत चर्च बांधून घेतलं. स्टडलीचं चॅन्सल सोनेरी, लाल, निळ्या रंगांनी आणि कोरीवकामाने ओसंडून वाहतं. ही बहीण म्हणजे लेडी रिपन. तिचे यजमान लॉर्ड रिपन १८८० ते १८८४ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते, आणि स्थानिक स्वराज्याच्या संदर्भात त्यांचं नाव आपण शाळेत शिकलेलो असतो.

मुंबईशी संबंध याहून थेट आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं आणि १८५८ साली पवित्र केलेलं, हे याच कॅम्डेन सोसायटीच्या विचारांचं अपत्य. आराखडा हेन्री कॉनीबीअरचा, आणि आतल्या फरशा, वेदीमागची सजावट बटरफील्डची. बाल्डर्सबीचाच बटरफील्ड. आणि इंग्लंडातल्या असंख्य खेड्यांतल्या चर्चचा जीर्णोद्धार करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबई विद्यापीठाच्या इमारती आणि राजाबाई टॉवर आखला, तोही एकदाही भारतात न येता. फोर्टात वाढलेल्या माणसाला इंग्लिश खेड्यातली टोकदार कमान ओळखीची वाटते ती यामुळे.

सगळेच या एका वाटेने गेले असं मात्र नाही. कंब्रियातल्या रे या खेड्यात सारा लॉश या बाईने १८४२ साली स्वतःच्या कल्पनेने चर्च बांधलं. टोकदार कमानी नाहीत, गोल आहेत. संतांऐवजी पाइनची फळं, कमळं आणि किडे कोरलेले आहेत, आणि काम गावातल्याच कारागिरांकडून करून घेतलंय. कुठल्याही सोसायटीच्या नियमात ते बसत नाही, आणि माझ्या मते त्या शतकातल्या सर्वांत सच्च्या इमारतींपैकी ते एक आहे.

जीर्णोद्धारात नुकसान झालंच नाही असं मी म्हणणार नाही. भिंतींवरचा जुना गिलावा खरवडला गेला, त्याबरोबर मध्ययुगीन चित्रं गेली. सतराव्या-अठराव्या शतकातलं सुंदर लाकूडकाम जळणात गेलं. १८७६ साली बर्फर्डच्या चर्चचं काम बघून विल्यम मॉरिस हा लेखक आणि नक्षीकार संतापला, आणि पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या ॲबीत स्कॉट काय करणार आहे हे कळल्यावर त्याने प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी सोसायटी काढली. त्याचं म्हणणं असं की इमारतीवर साचलेला प्रत्येक काळ हा तिचा इतिहास आहे. आपल्या आवडीचा काळ निवडून बाकीचे पुसायचा अधिकार आपल्याला नाही. मी मॉरिसच्या बाजूची आहे. आणि म्हणूनच आज मला स्कॉट आणि स्ट्रीट यांचं काम राखायला हवं असं वाटतं. तेही आता साचलेल्या काळाचा भाग आहे. ‘व्हिक्टोरियन आहे, काढा’ म्हणणारे त्यांचीच चूक उलट्या बाजूने करताहेत.

म्हणजे इथवर आलो ते असं: वय दगडावरून आणि लाकडावरून ठरवायचं, शैलीवरून नाही, आणि मोल ठरवताना एकेक वस्तू सुटी न बघता ती कुठल्या योजनेचा भाग आहे ते बघायचं.

आता बाक. इथे परिस्थितीप्रमाणे माझं उत्तर बदलतं. बाकांची टोकं ओकची, कोरीव असतील, तोच आकार पुलपिटावर, चॅन्सलच्या बाकांवर आणि दारांवर पुन्हा दिसत असेल, तर ते आर्किटेक्टने आखलेले आहेत आणि निदान मुख्य गट तरी हलवू नये असं मी म्हणेन. टोकांवर क्रमांक, छत्री अडकवायची कडी आणि पाणी पडायला खाली लोखंडी ताटली असेल तर तीही नोंदवा; गावच्या जगण्याचा तो पुरावा आहे. याउलट बाक पिच पाइनचे, कारखान्यातून आणलेले, कोणत्याही चर्चमध्ये दिसतील असे असतील, किंवा विसाव्या शतकात बदललेले असतील, तर पश्चिमेकडच्या काही रांगा काढून तिथे चहापाण्याची, बैठकीची जागा करायला मी विरोध करणार नाही. खेड्यातलं दुकान, पोस्ट, पब बंद होत असताना चर्च वापरात राहणं ही त्या इमारतीचीच गरज आहे. वापर थांबला की पन्हळी तुंबतात, पन्हळी तुंबल्या की भिंतीत पाणी मुरतं.

कमिटीला एक तांत्रिक गोष्ट नक्की विचारा. व्हिक्टोरियन बाक बहुतेकदा लाकडी तक्तपोशीवर असतात आणि त्याखाली हवा खेळायला पोकळी असते. ती भरून काँक्रीटची सलग लादी घातली तर जमिनीतली ओल वर यायची वाट शोधते आणि भिंतींत चढते. भिंतींच्या दरजा नंतर कुणी सिमेंटने भरल्या असतील तर ओलीला बाहेर पडायची जागा मऊ दगडच उरतो आणि दगडाची पापुद्र्यांसारखी झीज सुरू होते. तक्तपोशी काढायचीच असेल तर खाली श्वास घेणारा चुन्याचा थर धरलाय का, आणि दरजांतलं सिमेंट काढून चुना भरण्याचा खर्च अंदाजपत्रकात आहे का? तसंच जुने फ्लू, म्हणजे गरम हवेचे मार्ग, आणि जाळ्या उखडण्याआधी त्यांतून नव्या हीटिंगचे पाइप नेता येतात का, हेही तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी येतात.

प्रक्रियेचं सांगते. अशा कामाला बिशपच्या न्यायाधीशाकडून, ज्याला चॅन्सलर म्हणतात, फॅकल्टी ही परवानगी लागते. चर्चबाहेर २८ दिवस नोटीस लावावी लागते. तुमचं म्हणणं त्या मुदतीत लेखी द्या. कमिटीला दोन निवेदनं द्यावी लागतात, एक इमारतीचं महत्त्व सांगणारं आणि दुसरं गरज सांगणारं. ती दोन्ही मागून वाचा. डर्बीशायरमधल्या डफील्डच्या चर्चमधली चॅन्सलच्या तोंडावरची लाकडी जाळी हलवण्याच्या २०१२च्या प्रकरणात वरिष्ठ चर्च न्यायालयाने विचारायचे प्रश्न घालून दिले: या बदलाने इमारतीच्या खास वास्तुमूल्याला धक्का बसतो का, बसत असेल तर किती, आणि त्याबदल्यात लोकांचा फायदा तेवढा मोठा आहे का. तुमचं पत्र याच क्रमाने लिहा. “मला बाक आवडतात” याला तिथे वजन नाही. “पूर्वेकडच्या आठ रांगा, पुलपिट आणि फरशी एकाच आराखड्यातली आहे आणि तुमच्या निवेदनात तिचा उल्लेखही नाही” याला आहे.

तो आराखडा मिळवायचा प्रयत्नही करून बघा. व्हेस्ट्रीतल्या पेटीत कागद असतील, काउंटीच्या अभिलेखागारात १८६०च्या दशकातली मूळ फॅकल्टी असेल, आणि त्या अनुदान सोसायटीकडे अर्ज गेला असेल तर तिचे नकाशे लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत जपलेले आहेत. बसायच्या जागांचा नकाशा अनुदानाच्या अर्जासोबत द्यावाच लागायचा. तो सापडला तर बाक कुणी आखले यावर वादच उरणार नाही. तोवर तुम्ही बाकाचं एक टोक, पुलपिटाची कड आणि चॅन्सलच्या पायरीजवळची फरशी यांचे जवळून काढलेले फोटो आणि यादीतल्या नोंदीत असलेलं आर्किटेक्टचं नाव मला कळवा. नोटीस लागण्याआधी कळवलंत तर पत्राचा मसुदा आपण दोघं मिळून करू.